म्यूटबाई

बाईंचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. कुणी हे कौतुकाने सांगायचं, कुणी कपाळाला हात लावून. भाषेच्या तासाला त्यांनी कविता वाचायला घेतली की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर खडू खाली ठेवायचे, दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमचा कवी थकला की सांगा. मग मी माझं वर्गमूळ काढतो." पोरांनी त्यांना 'भोंगा' म्हणायला सुरुवात केली होती. बाईंना ते माहीत होतं. एकदा मागच्या बाकावर कुणीतरी "भोंगा आला, भोंगा आला" असं कुजबुजलं, तेव्हा बाईंनी दारातूनच विचारलं, "आला तर आला, वह्या कुठे आहेत?" आणि सगळा वर्ग हसत सुटला.

आवाज वडिलांकडून आलेला. अप्पा बसचे कंडक्टर होते. सगळी हयात "पुढे सरका, पुढे जागा आहे" असं ओरडण्यात गेलेली. त्यामुळे घरातही त्यांना हळू बोलणं कधी जमलं नाही. साधं मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, यांचं काहीतरी बिनसलं. आई होती तोवर त्या दोघांच्या मध्ये बसून जेवायची आणि म्हणायची, मला लवकर बहिरेपण आलं तर बरं. तिला बहिरेपण आलं नाही, तीच लवकर गेली. धाकट्या भावाने लांबच्या शहरात नोकरी धरली, तिथेच संसार मांडला. बाईंचं लग्न राहून गेलं. कुणी विचारलं तर "वेळच मिळाला नाही" एवढंच सांगायच्या आणि पुढच्या माणसाला पुन्हा विचारायची हिंमत व्हायची नाही.

मग अप्पांची नजर गेली. काचबिंदू. कडेकडेने अंधार आत सरकत आला आणि शेवटी खिडकी कुठे आहे तेवढंच कळायला लागलं. त्यामागोमाग कानही गेले. उजवा पार बंद झाला. डाव्यात धुगधुगी होती, पण त्यात आवाज शिरायला जोर लागायचा. तो जोर बाईंकडे होता. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी त्या अप्पांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढायच्या आणि वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, पहिल्या पानापासून ते हरवले-सापडलेपर्यंत. अप्पा मध्येच बातमीवर ताशेरे मारायचे. रस्त्याच्या कामाची बातमी आली की हमखास म्हणायचे, "हे मी कंडक्टर होतो तेव्हापासून खणताहेत, काय सापडलं विचार." भिंतीपलीकडच्या काकू स्वयंपाक करता करता फुकटात बातम्या ऐकायच्या. अप्पांचं जग म्हणजे ती खुर्ची, हातातला कप आणि लेकीचा आवाज. एवढ्यावर ते खुश होते.

बाईंच्या गळ्याशी गाठ आली तेव्हा त्यांनी बरेच दिवस ती पदराआड ठेवली. शाळेतल्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. गाठ थायरॉइडची होती आणि चांगली नव्हती. ऑपरेशन लांबलं. शुद्ध आली तेव्हा बाईंनी पाणी मागितलं. ओठ हलले, घशातून हवा आली, शब्द आला नाही. त्यांना वाटलं, भूल उतरायची आहे.

दुसऱ्या दिवशी सर्जन आले. तरुण होते, बोलताना खाटेच्या दांडीकडे बघत होते. "गाठ पूर्ण काढली आहे. त्या बाजूने आता काळजी नाही. पण आवाजाच्या नसा गाठीत गुरफटल्या होत्या. दोन्हीकडच्या. कधी कधी त्या पुन्हा जाग्या होतात. वाट पाहू या."

"नाही झाल्या तर?" बाईंनी विचारलं. म्हणजे तसं विचारल्यासारखे ओठ हलवले.

"विश्रांती घ्या," सर्जन म्हणाले.

भाऊ अप्पांना धरून भेटायला घेऊन आला. अप्पांनी चाचपत खाट शोधली, लेकीचा हात शोधला आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय ग, काढली ना गाठ? मग बोल की!"

बाईंनी सगळा जोर लावला. दाराच्या फटीतून वारा यावा तसं काहीतरी बाहेर पडलं.

"झोपली आहे का?" अप्पांनी मुलाला विचारलं.

"नाही अप्पा, जागी आहे."

"मग बोलत का नाही?"

भाऊ त्यांच्या डाव्या कानाशी वाकला आणि ओरडला, "तिचा आवाज बसलाय!" आजूबाजूच्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली.

"हात्तिच्या," अप्पा म्हणाले. "बसला असेल तर उठेल."

आवाज उठला नाही. बाईंनी घशाचे व्यायाम केले, वाफ घेतली, आरशासमोर तोंड उघडून 'आ' काढत बसल्या. फुसफुसल्यासारखं बोलता येऊ लागलं, तेही समोरच्याने कान तोंडाशी आणला तर. रजा संपली तशा त्या गळ्याभोवती रुमाल गुंडाळून शाळेत हजर झाल्या.

पहिले काही दिवस पोरं शहाण्यासारखी वागली. बाईंना काहीतरी मोठं झालं होतं, घरी आईवडिलांनी दटावून पाठवलं होतं. वर्गात इतकी शांतता असायची की बाईंचं फुसफुसणं तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचं. पण मुलांची शांतता किती टिकणार! मागच्यांना ऐकू येईना, ते आपापसात बोलायला लागले. त्यांच्यामुळे मधल्यांना ऐकू येईना. बाईंनी कमरेला बांधायचा छोटा लाउडस्पीकर आणला. त्यातून त्यांचा आवाज मोठा झाला खरा, पण आवाज कसला, नळाला पाणी येण्याआधी हवा सुटते तसा. पुढच्या बाकावरची एक मुलगी दचकली आणि मग हसू आवरेना म्हणून तिने तोंड बाकात घातलं.

एक दिवस बाई कविता वाचत होत्या. आईवरची कविता होती, दरवर्षी ती वाचताना दोनचार पोरं तरी डोळे पुसायची. मागून कुणीतरी म्हणालं, "आवाज वाढवा!" सगळा वर्ग फुटला. बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं आणि पुढची ओळ फळ्यावर लिहायला घेतली. पाठीमागे बाकं सरकली, कुणी उठून खिडकीपाशी गेलं, कुणाची टोपी वर्गभर फिरायला लागली. तेवढ्यात दारात गणिताचे सर येऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही.

"बाई," ते हलकेच म्हणाले, "मी गप्प करू का त्यांना?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. सरांनी एकदाच "ए!" म्हटलं आणि वर्ग जागच्या जागी बसला. ऑपरेशन झाल्यापासून बाई कुणासमोर रडल्या नव्हत्या, त्या दिवशीही रडल्या नाहीत. पण तास संपल्यावर त्या वर्गातून बाहेर पडल्या त्या पुन्हा भाषा शिकवायला गेल्या नाहीत.

मुख्याध्यापिकेला शाळेत सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण शाळा चालवायची म्हणजे माणसाला कातडी जाड करावी लागते. त्यांनी चहा मागवला आणि टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत बोलायला लागल्या. "वैद्यकीय कारणावरून लवकर निवृत्त होता येतं. मी स्वतः शिफारस करीन. सन्मानाने जाल. इथे पोरं तुमची चेष्टा करणार, मला ते बघवत नाही."

बाई खुर्चीवरून उठून टेबलाच्या पलीकडे गेल्या, वाकल्या आणि मोठ्या बाईंच्या कानाशी म्हणाल्या, "संगणक."

"काय?"

"संगणक मला द्या."

संगणकाचे सर अर्ध्या वर्षातच एका कंपनीत निघून गेले होते. खोलीला कुलूप होतं, तासाला पोरं मैदानात उंडारत होती. जाहिरात देऊनही कुणी फिरकलं नव्हतं. हे सगळं खरं, पण मोठ्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, तुम्ही निकालपत्रकसुद्धा दुसऱ्याकडून भरून घेता!"

"शिकेन."

"आणि संगणकच का?"

बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं : तिथे मुलं बाईंकडे बघत नाहीत. पडद्याकडे बघतात.

मोठ्या बाईंनी ते वाचलं, चहाचा घोट घेतला. "परीक्षा द्यावी लागेल. सरकारी प्रमाणपत्राशिवाय मी तुम्हाला त्या खोलीची चावी देऊ शकते, नेमणूक देऊ शकत नाही. जमलं नाही तर मग माझ्याकडे येऊ नका."

शाळा सुटली की बाई एका लॉंड्रीच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या वर्गाला जायला लागल्या. खालून इस्त्रीची वाफ यायची, वरती पंखा आणि वीसबावीस वर्षांची मुलंमुली. शिकवणारा पोरगा बाईंना "काकू" म्हणायचा आणि त्यांची शंका आली की "काकू, जरा मोठ्याने" म्हणायचा. दोनतीनदा तसं झाल्यावर बाईंनी हात वर करणं सोडून दिलं. शंका मनात धरून घरी यायच्या आणि जाड पुस्तकात उत्तर शोधत बसायच्या. पहिला प्रोग्राम त्यांनी लिहिला तो चालेच ना. पुन्हा पुन्हा तीच लाल ओळ. खूप वेळाने कळलं की एका ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिली होती. आयुष्यभर पोरांच्या निबंधांतले स्वल्पविराम आणि अनुस्वार लाल शाईने भरत आलेली ही बाई, आणि यंत्राने त्यांना टिंबासाठी अडवलं! त्यांना हसू आलं. ते हसू कुणाला ऐकू गेलं नाही.

पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. थोडक्यात नव्हे, चांगल्या दणदणीत. मोठ्या बाईंना सांगायला गेल्या तेव्हा मोठ्या बाईंनी अर्जांची रिकामी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "दुसरं कुणी मिळालेलं नाही. पुन्हा बसा." बाईंची नोकरी वाचली ती एवढ्यावरच. दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या, जेमतेम.

संगणकाच्या खोलीला खिडक्या होत्या, पण धूळ नको म्हणून कायमच्या बंद. भिंतीला लागून यंत्रं, मध्ये वायरींचं जंजाळ, समोर प्रोजेक्टरचा पडदा. बाई दाराजवळच्या टेबलावर बसायच्या आणि बोलायचं ते सगळं टाइप करायच्या. अक्षरं पडद्यावर उमटायची, मुलं वाचायची. सुरुवातीला पोरांना ती गंमत वाटली. मग सवय झाली. बाईंनी त्यांना नियम घालून दिला : आधी कागदावर लिहायचं, साध्या वाक्यांत, यंत्राकडून काय करून घ्यायचंय ते. मगच बटणांना हात लावायचा. कुणी कंटाळून विचारलं की कशाला, तर पडद्यावर अक्षरं यायची : 'यंत्राला तुमच्या मनातलं कळत नाही. लिहिलं तेवढंच कळतं.' वर्गात बटणांची टकटक सोडून आवाज नसायचा. नवं नाव पडायला आठवडाही लागला नाही. म्यूटबाई. भोंग्यासारखं हे नाव त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. फक्त ऐकू न आल्यासारखं केलं.

एक पालक तक्रार घेऊन आले. न बोलणारी बाई काय शिकवणार, आमच्या मुलीचं वर्ष वाया जाणार, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या बाईंनी मुलीच्या वहीतला तिने लिहिलेला प्रोग्राम त्यांच्यापुढे धरला. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण ते गप्प झाले. ती मुलगी पहिल्या दहांत आली. बाईंना मात्र हे काम आवडत होतं का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं, देव जाणे. शेजारच्या इमारतीत भाषेची नवी बाई आली होती. तिचा तास चालू असला की बाई आपल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या.

शाळेचं असं कसंबसं मार्गी लागत होतं, पण घरी परिस्थिती बिघडत चालली होती.

दिवसा अप्पांजवळ शेजारच्या काकू बसायच्या. सकाळ-संध्याकाळ बाई असायच्या, पण असून नसल्यासारख्या. त्या अप्पांच्या हाताला हात लावायच्या, कप हातात द्यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या. कानाला तोंड लावून फुसफुसायच्या. अप्पांच्या त्या अर्ध्या कानात त्यातलं काहीच शिरत नसे. "पेपर आला नाही का आज?" ते रोज विचारायचे. बाई त्यांच्या तळहातावर बोटाने 'आला' लिहायच्या. ते हात झटकून घ्यायचे, "गुदगुल्या काय करतेस? बोल ना." भाऊ आला की ओरडून सांगायचा, तिचा आवाज गेला आहे. तेव्हा त्यांना पटायचं, डोळे भरून यायचे. पण हल्ली त्यांना विसर पडायला लागला होता. भाऊ गाडीत बसेपर्यंत ते विसरलेले असायचे.

एकदा बाई स्वयंपाकघरात असताना अप्पा हाका मारत होते. बाई धावत आल्या, त्यांच्या समोर उभ्या राहिल्या. अप्पा त्यांच्याच दिशेला तोंड करून हाका मारत राहिले, घाबरलेल्या आवाजात, "कुणी आहे का घरात? अरे, कुणी आहे का?" बाईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते इतके दचकले की खुर्चीतून पडता पडता वाचले.

भावाने मोबाइलवरचं एक अ‍ॅप सुचवलं, लिहिलेलं बोलून दाखवणारं. ते भरभर बोलायचं आणि शब्दांची शेपटं गिळायचं. अप्पांना नुसता गलका वाटायचा. तेव्हा बाईंनी ठरवलं की आपणच करू. शाळेतलं काम संपलं की त्या बंद खिडक्यांच्या खोलीत बसून राहायच्या. तयार मिळणारा बाईचा आवाज घेतला, तो संथ केला, प्रत्येक वाक्य दोनदा बोलेल असं केलं. काही बटणांवर ठरलेली वाक्यं बसवली : मी आले. जेवायला चला. मी इथेच आहे. लॅपटॉपला मोठा स्पीकर जोडला. लॉंड्रीच्या वरच्या वर्गात शिकलेलं आणि पोरांना शिकवता शिकवता पक्कं झालेलं सगळं त्यात ओतलं. हा त्यांनी स्वतःसाठी लिहिलेला पहिला प्रोग्राम.

रविवारी सकाळी त्यांनी स्पीकर अप्पांच्या डाव्या कानाशी ठेवला आणि टाइप केलं. खोलीत एका अनोळखी बाईचा स्वच्छ, सपाट आवाज घुमला. "अप्पा, मी आहे. तुमची मुलगी."

अप्पा ताठ झाले. "कोण? कोण आहे?"

"अप्पा, मीच आहे. आवाज यंत्राचा आहे. शब्द माझे आहेत."

"बाई, तुम्ही कोण ते आधी सांगा. माझी मुलगी कुठे आहे?"

बाईंनी त्यांचा हात धरला. अप्पांनी तो चाचपला, बोटं ओळखली. चेहरा सैल झाला, पण क्षणभरच. "ही तर इथेच आहे," ते म्हणाले. मग हाताच्या दिशेने तोंड करून दबक्या आवाजात, म्हणजे त्यांच्या मते दबक्या, "कुणाला आणलंस घरात? मला विचारायचंस तरी."

बाईंनी पुन्हा लिहिलं, मीच, मीच तुमची मुलगी. अप्पा हसले. "मला वेड्यात काढू नका. तिचा आवाज मी भर गर्दीत ओळखीन."

तेव्हापासून अप्पांच्या जगात दोन बायका झाल्या. एक हात असलेली, जी बोलत नव्हती. एक आवाज असलेली, जिला हात नव्हते. बाईंनी सुरुवातीला खूप समजावलं, मग हात टेकले. अप्पांना बोलायला कुणीतरी मिळालं होतं, हेही थोडं नव्हतं. त्यांनी त्या परक्या बाईंना वर्तमानपत्र वाचायला सांगितलं. बाईंनी बातम्या यंत्रात घातल्या, यंत्राने त्या एकाच सुरात, न थांबता वाचल्या. "यांचं वाचन म्हणजे थांबे न घेता सुटलेली गाडी," अप्पांनी शेरा मारला. तेव्हा बाईंनी प्रोग्राममध्ये बदल केला. स्वल्पविरामाला थोडं थांबायचं, पूर्णविरामाला जास्त, परिच्छेद संपला की श्वास घेतल्याएवढं. "आता कशा थांब्यावर थांबताहेत!" अप्पा म्हणाले आणि कप पुढे केला. तो कप भरून देणारा हात कुणाचा, याचा त्यांना त्या वेळी विचार नव्हता.

मग एका संध्याकाळी ते खुर्चीत पुढे वाकले. "बाई, ती आहे का इथे?"

बाईंचं बोट बटणावर थांबलं. त्यांनी लिहिलं, "नाही."

"मग बोलतो. मुलगी बोलत नाही माझ्याशी. गाठ काढली तेव्हापासून. सगळं करते, हातात कप देते, पाठ चोळून देते, पण तोंडाला कुलूप. रुसली आहे."

"रुसलेली नाही. ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला."

"बसलाय म्हणत होते."

"गेला आहे. परत येणार नाही."

अप्पांनी चाचपत कप खाली ठेवला. "मग शाळेत कसं होणार तिचं? ती तर कविता शिकवते."

"आता संगणक शिकवते."

"ती?" अप्पा म्हणाले, आणि लहान मुलासारखे ओठ मुडपून रडायला लागले. बाई लॅपटॉपवर हात ठेवून बसून राहिल्या. जवळ गेल्या असत्या तर ती घरात नाही हे खोटं ठरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा म्हणाले, "बाई, मुलगी माझ्याशी बोलत नाही. रुसली आहे बहुतेक."

बाईंनी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा रडले, नव्याने, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. आणखी काही वेळा असं झालं. मग बाईंनी खरं सांगणं बंद केलं. अप्पांनी विचारलं की यंत्रातली बाई म्हणायची, "ती कामात आहे. तुमच्यावर रागावलेली नाही." अप्पांचं त्याने समाधान होत नसे. ते कारण शोधत राहायचे, जुन्या दिवसांत हात घालून एकेक प्रसंग बाहेर काढायचे.

"लहान असताना मी तिला गाडीत घेऊन जायचो," एकदा ते म्हणाले. "थांबा आला की माझ्या आधी ही ओरडायची. उतारू हसायचे. एकदा तपासनीस साहेब चढले, तेव्हा मी हिला दटावलं, गप्प बस म्हणालो, सगळ्यांसमोर. घरी येईपर्यंत बोलली नव्हती. ते तिने मनात ठेवलं असेल का हो?"

बाईंना तो प्रसंग आठवतही नव्हता. त्यांनी लिहिलं, "नाही ठेवलं."

"तुम्हाला काय माहीत?" अप्पा म्हणाले.

बाईंनी पेपरातली पुढची बातमी यंत्रात घातली.

थंडीच्या दिवसांत अप्पांच्या छातीत कफ भरला. रुग्णालयात न्यावं लागलं. बाईंनी लॅपटॉप आणि स्पीकर पिशवीत घालून नेले होते, पण वॉर्डातल्या नर्सने पहिल्याच वाक्याला येऊन हात जोडले. "इथे सगळे आजारी आहेत हो. एवढा मोठा आवाज नाही चालणार." नर्सचं बरोबर होतं. बाईंनी यंत्र बंद केलं आणि खाटेशेजारी हात धरून बसल्या. भाऊ आला होता. तो नर्सची नजर चुकवून मधूनमधून कानाशी ओरडायचा.

दुपारी अप्पांनी डोळे उघडले. "त्या बाई नाही आल्या?"

"कोण बाई?" भावाने विचारलं.

"घरी येतात त्या. पेपर वाचतात. त्यांना बोलवा. मुलीसाठी एक निरोप द्यायचा आहे."

"मला सांगा अप्पा! मी देतो!"

"तुला नाही," अप्पा दमून म्हणाले. "तू घरचा. घरातला रुसवा घरात वाढतो. त्यांना सांगतो."

बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट दाबला. अप्पांनी तो ओळखला, थोपटला आणि म्हणाले, "असू दे, असू दे." भाऊ डॉक्टरांना बोलवायला बाहेर गेला. पिशवी खाटेखाली होती. बाईंनी ती ओढली, लॅपटॉप बाहेर काढला, सुरू केला, नर्स येते का ते न बघता लिहिलं, "मी आले. सांगा." आवाज वॉर्डभर घुमला. समोरच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. अप्पांचे डोळे मिटलेले होते, श्वास चालू होता. यंत्राने ते वाक्य पुन्हा म्हटलं. नर्स धावत आली. अप्पा जागे झाले नाहीत. पहाटेपूर्वी गेले.

बाहेरच्या बाकावर भाऊ बाईंच्या शेजारी येऊन बसला. "ताई, कोण ग त्या बाई? अप्पा इतकं कुणाला विचारत होते?"

"मी," बाई म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "मीच ती." भावाने त्यांच्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो मोठमोठ्याने रडला, वडिलांच्याच आवाजात. बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. घरी जमलेल्या नातेवाइकांत नंतर बोलणं झालं की धाकट्याने किती आकांत केला, आणि थोरली बघा, डोळ्यांतून पाणी वाहतंय पण हूं की चूं नाही. काकूंनी त्यांना झापलं, तेव्हा कुठे ते बोलणं थांबलं.

तो प्रोग्राम अजून त्या लॅपटॉपवर आहे. बाईंनी तो पुसला नाही आणि पुन्हा चालवलाही नाही. पुढे वरच्या वर्गाच्या अभ्यासक्रमात बोलणाऱ्या यंत्राचा धडा आला. बाईंनी तो गणिताच्या सरांना घ्यायला सांगितला. सरांनी कारण विचारलं नाही.

वर्षअखेर मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं आणि संगणकाच्या जागेवर त्यांची नेमणूक कायम झाल्याचं सांगितलं. "तुम्ही करून दाखवलंत," त्या म्हणाल्या. बाईंनी मान लववली. चहा आला होता, तो त्यांनी संपवला, आणि खोलीची चावी घेऊन निघाल्या.

नव्या वर्षी नवी मुलं आली. पाचवीतली, यंत्रासमोर पहिल्यांदाच बसलेली, पाय जमिनीला न पुरणारी. बाईंनी पडद्यावर लिहिलं, 'बसा. तुमचं नाव टाइप करा.' टकटक सुरू झाली. वीसपंचवीस नावं एकामागून एक त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर येत गेली, निम्मी चुकीची. कोपऱ्यातल्या एका मुलीने नावाऐवजी दुसरंच काहीतरी पाठवलं होतं.

'बाई तुम्ही मुक्या आहात का'

बाईंनी मान वर करून बघितलं. मुलगी थेट त्यांच्याकडेच बघत होती, खोडी काढण्यासाठी नव्हे, खरंच जाणून घ्यायला. बाईंनी उत्तर लिहिलं, फक्त तिच्याच पडद्यावर दिसेल असं.

'नाही. माझा आवाज गेला आहे. प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह दे आणि नाव लिही.'